पापुद्रा

छताजवळ काम करायच्या फिरत्या लिफ्टच्या पिंजऱ्यात उभं राहून हातमोजा घातलेलं बोट तुळईला लावलं आणि पेर आत रुतलं. बाहेर काढलं तर त्यावर करडी पूड आणि चार-दोन चकचकीत कण. मास्क नीट बसलाय ना ते पुन्हा चाचपून पाहिलं, पूड पाकिटात भरली, पाकिटावर तारीख आणि तुळईचा नंबर लिहिला आणि मग खाली बघितलं. माझ्या पायाखाली, साडेचार मीटरवर, जमिनीवर पिवळ्या खडूने एक लांबट चौकोन आखलेला होता. तिथे भाज्या चिरायचं टेबल येणार होतं.

पुढचे अडीच महिने ही पूड आणि ते टेबल माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मी सांगलीच्या वालचंद कॉलेजातून सिव्हिल केलं आणि आता बरीच वर्षं न्यू जर्सीत बांधकामांवर तपासणीचं काम करते. इथल्या बांधकाम संहितेच्या सतराव्या प्रकरणात काही कामांची तपासणी ठेकेदाराशी संबंध नसलेल्या माणसाने करायची असते. वेल्डिंग, काँक्रीट, मोठे बोल्ट आणि स्टीलवर फवारलेलं फायरप्रूफिंग, म्हणजे आगीपासून वाचवणारा लेप. या शेवटच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. आई फोनवर विचारते, ‘आज काय तपासलंस?’ तेव्हा मी सांगते, ‘खांबांवरचं लिंपण.’ तिला ते लगेच समजतं, कारण कवठ्याला आजोळच्या भिंती ती दर दिवाळीला लिंपायची.

ही इमारत न्यू जर्सीतल्याच एडिसन गावाच्या जवळपासची. खाली गोदाम, वर दोन मजले ऑफिसं, सगळा सांगाडा स्टीलचा. गोदाम रिकामं झालं आणि एका कंपनीने तिथे मोठं स्वयंपाकघर करायचं ठरवलं. शाळांना आणि घरी एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना डबे पुरवायचे होते. काम मनाला पटलं म्हणून मी ते घेतलं. वर ऑफिसं असल्यामुळे मधल्या मजल्याला आगीत दोन तास टिकायचं बंधन, म्हणून प्रत्येक तुळईवर आणि खांबावर इंच-सव्वा इंच जाडीचा लेप. गोदाम असताना तो उघडाच होता. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

हा लेप कशासाठी असतो ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. स्टील जळत नाही म्हणून आगीत ते सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. लाकडाची जाड तुळई पेटली तर बाहेरून कोळसा होत जाते आणि आतलं लाकूड बराच वेळ भार धरून ठेवतं. स्टीलचं तसं नाही. ते तापतं, आणि तापलं की मऊ पडतं. साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याची ताकद निम्म्यावर येते. आगीच्या चाचणीची जी भट्टी असते तिचं तापमान पहिल्या पाच मिनिटांतच ५३८ अंशांवर नेतात आणि तासाभरात ९२७ वर. उघड्या खांबाला यात फार वेळ मिळत नाही. माणसांना बाहेर पडायला आणि अग्निशमन दलाला आत शिरायला जो वेळ लागतो, तो हा लेप मिळवून देतो.

या इमारतीतला लेप जिप्समचा होता. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण एकवीस टक्के पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. आग लागली की आधी ते पाणी सुटून वाफ व्हावं लागतं. ते होईपर्यंत बरीचशी उष्णता त्यातच खर्च होते आणि मागचं स्टील थंड राहतं. लेप हलका आणि सच्छिद्र असतो तोही मुद्दाम. त्यात व्हर्मिक्युलाइट नावाचं फुलवलेलं खनिज किंवा थर्मोकोलचे बारीक मणी घालतात, म्हणजे हवा अडकून राहते आणि उष्णता आत जायला वेळ लागतो. घनफुटाला पंधरा पौंडांच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या चौथ्या हिश्श्याइतकंच त्याचं वजन. म्हणून बोट रुततं. म्हणून पूड निघते. ज्या गुणामुळे तो आगीत कामाला येतो, त्याच गुणामुळे तो स्वयंपाकघरात चालत नाही.

आराखडे तपासून आरोग्य खात्याचं पत्र आलं. निरीक्षक बाईंनी लिहिलं होतं की जिथे अन्न हाताळलं जाणार तिथलं छत गुळगुळीत, टिकाऊ आणि सहज साफ होणारं पाहिजे, आणि जिथे ओल असते तिथे ते पाणी शोषणारं नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नमुना संहितेत हे जवळजवळ याच शब्दांत आहे. ओलसर जागेत तुळया आणि कड्या उघड्या ठेवायच्या नाहीत, असंही त्यात आहे. अन्नाच्या कारखान्यांसाठीचे जे नियम २०१५ मध्ये नव्याने आले, त्यात तर वरून ठिबकणाऱ्या पाण्याचा वेगळा उल्लेख आहे.

साइटवर ते पत्र वाचून दोघं-तिघं वैतागले. छताला कोण हात लावतंय, असा सूर होता. मला तो पटला नाही. मोठ्या पातेल्यातून वाफ उठते, वर जाते, गार स्टीलवर थेंब धरतात, ते त्या सच्छिद्र लेपात मुरतात. तेलाचा अंशही मुरतो. काही लेपांमध्ये कागदाचा लगदा असतो, त्यावर बुरशी धरते. मग एक दिवस थेंब पडतो, आणि तो एकटा पडत नाही. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. २०११ साली इथे खरबुजांमधून तो पसरला तेव्हा १४७ माणसं आजारी पडली आणि ३३ दगावली. त्यात म्हातारी माणसं बहुसंख्य होती. खरबुजं जिथे धुतली-भरली जात त्या जागेत जमिनीवर पाणी साचत होतं आणि यंत्रं नीट साफ करता येत नव्हती, असं तपासात निघालं. आमचे डबे ज्यांच्याकडे जाणार ती माणसंही त्याच वयाची. त्या बाईंचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यातला एकही शब्द जास्तीचा वाटला नाही.

माझ्या मावसभावाचं कुपवाड एमआयडीसीत मसाल्याचं छोटं युनिट आहे. त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘ताई, आमच्याकडेही हेच.’ त्याच्या परवान्याच्या नियमांतल्या चौथ्या परिशिष्टात भिंती आणि छत गुळगुळीत, साफ करायला सोपं आणि पोपडे न निघणारं असावं, असं स्पष्ट लिहिलंय. त्याने त्यासाठी आख्खं छत खरवडून पुन्हा करून घेतलं होतं. त्याचं छत साध्या गिलाव्याचं होतं, म्हणून ते जमलं. आमच्या छतावर जे होतं ते खरवडायचं म्हणजे वरच्या दोन मजल्यांचं संरक्षण काढायचं.

मालकाच्या बाजूने जे काम बघत होते त्यांचा उपाय सोपा होता. रंग मारून टाका. चांगला जाड एपॉक्सी मारा, धुता येईल असा, म्हणजे आरोग्य खातंही खूश. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डबे सुरू करायची तारीख ठरलेली होती, रोजचं भाडं चालू होतं, आणि भिंतीच्या बाबतीत हा उपाय बरोबरच आहे. शुक्रवारी त्यांनी रंगाची ऑर्डर द्यायची ठरवली. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा, मला एक कोपरा दाखवायचाय.

तो कोपरा मला पहिल्याच आठवड्यात दिसला होता. मागच्या भाडेकरूने तिथे पाच-सहा मीटरभर तुळया पांढऱ्या रंगवल्या होत्या, बहुधा तिथे बसायची जागा केली असावी. ऑइल पेंट, तोही दोन-तीन हात. खालून बघितलं तर छान दिसत होतं. मी लिफ्ट वर नेली, विजेरी तिरकी धरली, आणि कडेला काळी फट दिसली. फटीत नुसतं हातमोज्याचं टोक घातलं तर परातीएवढा तुकडा सुटून हातात आला. रंग वर, आणि रंगाच्या पोटाला चिकटून आलेला अर्धा इंच लेप.

भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की टम्म फुगते आणि वरचा पापुद्रा खालच्या भागापासून सुटतो, तसं झालं होतं. भाकरीत ते आपल्याला हवं असतं. इथे वरचा पापुद्रा सुटला की उरलेल्या अर्ध्या इंचावर दोन तास निघत नाहीत. आणि खालून कोणाला काही कळतही नाही, कारण पापुद्रा पडलेला नसतो, नुसता सुटलेला असतो.

रंग वाळताना आकसतो. भिंतीवर आकसला तर काही होत नाही, कारण गिलावा त्याच्यापेक्षा कणखर असतो. हा लेप मऊ. रंगाची ओढ लेपाच्या पोटात जाते आणि तिथून तो फाटतो. जाड, कडक रंग जितका जास्त, तितकी ओढ जास्त, आणि शिवाय त्याचं वजन कायमचं लटकत राहतं. दुसरी गोष्ट पाण्याची. लेपात आणि वरच्या काँक्रीटमध्ये थोडा ओलावा असतोच. वाफ बाहेर जायला वाट ठेवली नाही तर ती फिल्मच्या मागे साठते आणि तिथेच थर सुटायला लागतो. तिसरं म्हणजे, ज्या चाचणीवरून त्या लेपाला दोन तासांचा दाखला मिळाला त्या चाचणीत त्याच्यावर रंग नव्हता. जाड रंग स्वतः जळतो. तो मारल्यावर दोन तास राहतात की नाही हे मी नजरेने सांगू शकत नाही, आणि ज्याने लेप बनवला त्याच्या लेखी शब्दाशिवाय इथला अग्निसुरक्षा अधिकारीही सांगणार नाही.

सोमवारी मी तो तुकडा टेबलावर ठेवला. फार बोलावं लागलं नाही.

पण मग लावायचं काय? त्यासाठी आधी हा लेप कोणाचा ते शोधायला हवं होतं. मी नगरपालिकेच्या बांधकाम कार्यालयात गेले आणि जुन्या परवान्याची फाइल मागवली. अर्धा दिवस गेला. १९९४ सालच्या कागदांमध्ये, पिवळ्या पडलेल्या झेरॉक्सवर, उत्पादनाचं नाव आणि जाडीचा तक्ता सापडला. फवारून लावायच्या ॲस्बेस्टॉसवर अमेरिकेत १९७३ मध्येच बंदी आली, त्यामुळे १९९४ च्या इमारतीत ते असण्याची शक्यता कमीच. तरी पाकिटातली पूड प्रयोगशाळेत पाठवली आणि ‘नाही’ असा कागद येईपर्यंत कोणालाही तुळईला हात लावू दिला नाही. अंदाजावर मी कोणाच्या फुप्फुसांशी खेळणार नाही.

उत्पादकाच्या तांत्रिक विभागाने चौथ्या दिवशी उत्तर दिलं. पाण्यावर आधारलेला, पातळ, वाफ जाऊ देणारा सीलर, म्हणजे पूड धरून ठेवणारा द्रव, चालेल, त्यांच्या यादीतला, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणातच. एपॉक्सी नाही, ऑइल पेंट नाही. आधी लेप पूर्ण कोरडा आणि घट्ट असल्याची खात्री करा आणि एका जागी लावून चाचणी घ्या.

ही चाचणी मला फार आवडते. ८३ मिलिमीटर व्यासाचं एक झाकण असतं, बरणीच्या झाकणासारखं, मध्ये हूक. झाकणात दोन भागांचा चिकट फेस ओतायचा, लेपावर दाबून धरायचं, घट्ट झाला की हुकाला ताणकाटा अडकवायचा आणि सावकाश खाली ओढायचं. लहानपणी आमच्या गल्लीत रद्दीवाला यायचा, त्याच्याकडे असाच ताणकाटा असायचा, पितळी तोंडाचा. संहितेप्रमाणे अशा इमारतीत लेपाने चौरस फुटाला किमान १५० पौंड ओढ सोसली पाहिजे. त्या झाकणाच्या आकाराला ती ओढ साधारण साडेआठ पौंड येते, म्हणजे चार किलोला जरासं कमी. चार किलो कांदे त्या झाकणाला टांगले आणि ते पडले नाहीत, तर लेप पास.

चार फूट लांब तुकड्यावर आम्ही आधी सीलर न लावलेल्या लेपाची ओढ मोजली. १४, १२, १५ पौंड. तीस वर्षांच्या जुन्या लेपाला हे चांगलंच. मग सीलर. आमच्या रंगाऱ्याने, तो मूळचा इक्वाडोरचा आणि या कामात माझ्याहून जुना, रोलर बाजूला ठेवला. म्हणाला, ओला रोलर वरचे कण ओढून घेतो आणि मग आपण पुसतोय की खरवडतोय तेच कळत नाही. त्याने कमी दाबावर, लांबून, धुक्यासारखा फवारा मारला. सीलर दुधासारखा दिसत होता आणि लेप तो तहानल्यासारखा पीत होता. पहिल्या फवाऱ्यानंतर पृष्ठभाग पुन्हा मॅट झाला, कुठे ओघळ नाही, कुठे साय नाही. वाळल्यावर मी बोट फिरवलं. खरखर तशीच, पण बोटावर काही नाही. पुन्हा झाकणं चिकटवली. १५, १३, १४. तुटलं ते लेपाच्या पोटातून, सीलरच्या जोडातून नाही. मग त्याच झाकणाने रंगवलेला जुना कोपरा मोजला. पाच पौंडांवर रंगासकट थर निघून आला. तो सगळा कोपरा खरवडून स्टीलपर्यंत साफ केला आणि नव्याने फवारला.

इथवर येऊन सगळ्यांना वाटलं, झालं. सीलर लावा, पूड थांबली, काम संपलं.

माझ्या मते या कामातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. सील केलेला लेप पूड सोडत नाही, एवढंच. तो गुळगुळीत होत नाही. त्याचे खड्डे-उंचवटे तसेच राहतात, त्यावर तेलकट वाफ बसते, आणि फडक्याने ती पूर्ण निघत नाही. होजने धुवायला गेलं तर आधी सीलर उखडतो, मग लेप. ‘सील केलं’ आणि ‘धुता येतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर पहिलीच्या पुढे दुसरीची खूण करून टाकणं सोपं असतं, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मी निरीक्षक बाईंना फोन केला आणि हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं. मालकाची माणसं थोडी नाराज झाली. पण बाईंनी दुसऱ्याच दिवशी वेळ दिली, आराखडा टेबलावर पसरला, आणि आम्ही दोघी पेन्सिली घेऊन बसलो. कुठे वाफ, कुठे पाण्याचा मारा, कुठे अन्न उघडं, कुठे नुसते बंद खोके. तीन तास गेले. एवढ्या मनापासून झालेली मीटिंग माझ्या नोकरीत क्वचितच झाली असेल.

जिथे शिजवणं आणि चिरणं, तिथे उघडी तुळई नाहीच. तिथे खाली धुता येण्याजोग्या फरश्यांचं छत टांगायचं, व्हिनाइल चढवलेल्या जिप्समच्या फरश्या, कडांना गॅस्केट, क्लिपांनी घट्ट बसवलेल्या. वरचा लेप तसाच राहील, कारण आगीपासूनचं संरक्षण त्याचंच. खालच्या छताचं काम फक्त स्वच्छतेचं. पण त्या दोन छतांच्या मधल्या पोकळीतून एसीची परतीची हवा जाणार होती, म्हणजे लेपाचे कण हवेबरोबर फिरणार. म्हणून तिथला, कोणाला कधीच न दिसणारा लेपही सील करायचा. ही गोष्ट मला रात्री भांडी घासताना सुचली आणि मी ओल्या हातानेच वहीत लिहून ठेवली. आगीत पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरची तोंडं नव्या छताच्या पातळीला खाली आणावी लागली, त्यात आणखी आठवडा गेला.

भांडी धुवायच्या खोलीत खांब. तिथे पाण्याचा मारा खालून कंबरेपर्यंत रोजचा. खांबांच्या भोवती पत्र्याचा सांगाडा, त्यावर सिमेंट बोर्ड, त्यावर धुता येणारे फायबरचे पांढरे पत्रे, तळाशी गोलाई देऊन सिलिकॉन. लेप आत सुखरूप. वरची फट मात्र नीट बंद करायची, नाहीतर आत झुरळांची सोय होते. मालकांनी विचारलं होतं, खांबांना तो आगीत फुगणारा रंग का नको, दिसायलाही छान? विचारणं रास्त होतं. तो रंग आगीत फुगून जाड फेसासारखा थर करतो आणि एरवी गुळगुळीत दिसतो. पण तो लेपावर मारता येत नाही, स्टीलवरच मारावा लागतो. म्हणजे आधी सगळं खरवडणं आलं, आणि खर्च कितीतरी पटींनी.

आणि उरलेलं, म्हणजे भरलेले आणि बंद केलेले डबे ठेवायची कोरडी जागा, तिथे उघड्या तुळया फक्त सील करून ठेवायच्या. बाईंनी अट घातली की तिथे उघडं अन्न कधीही यायचं नाही, आणि साफसफाईची पद्धत लेखी हवी. ती मी स्वतः लिहिली. मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने, अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर लावून. डाग असेल तर ओलसर फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. पाण्याचा मारा नाही. दर तीन महिन्यांनी कोणीतरी विजेरी तिरकी धरून वर बघायचं. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, कारण साफ करणारी माणसं त्या भाषा वाचतात.

त्या दिवसांत एका रविवारी आम्ही जर्सी सिटीला नदीकाठी गेलो होतो. मुलगा पलीकडच्या उंच इमारती मोजत होता. २००१ च्या सप्टेंबरनंतर जी सरकारी चौकशी झाली, तिचा अहवाल २००५ मध्ये आला. विमानांच्या धडकेने स्टीलवरचा लेप इतक्या मोठ्या प्रमाणावर झडला नसता तर वर्ल्ड ट्रेड सेंटरचे ते मनोरे बहुधा कोसळले नसते, असं त्यात म्हटलंय. त्यानंतर संहितेत उंच इमारतींसाठी ओढीची मर्यादा वाढली, ४२० फुटांपर्यंत चौरस फुटाला ४३० पौंड, त्याच्या वर १०००. आमची इमारत तीन मजल्यांची, तिला हे लागू नाही. तरी त्या रात्री झोपताना तो परातीएवढा तुकडा डोळ्यांसमोर आला.

शेवटच्या तपासणीला बाई स्वतः लिफ्टवर चढल्या. वयाने साठीच्या पुढच्या असाव्यात. पिंजऱ्याचा कठडा धरला, पर्समधून पांढरं फडकं काढलं, बाटलीतल्या पाण्याने किंचित ओलं केलं, आणि तुळईच्या खालच्या अंगाला हातभर फिरवलं. मग उजेडात धरून बघितलं, दोन्ही बाजूंनी. फडक्यावर थोडी धूळ होती, पण पूड नव्हती. पुढे त्या टांगलेल्या छताच्या एका फरशीला त्यांनी तळहात लावून वर ढकलून पाहिलं. हलली नाही. खाली उतरल्यावर त्यांनी ते फडकं घडी करून फाइलच्या पाकिटात ठेवलं. मला ते फार बरं वाटलं.

त्यानंतर नऊ दिवसांनी मी फक्त एक सही घ्यायला गेले होते. कोरड्या जागेत वर नवीन पाइप दिसला. प्लंबरने तो टांगायला तुळईवर क्लॅम्प बसवला होता, आणि क्लॅम्प बसावा म्हणून हातभर लेप खरवडला होता. खाली चकचकीत स्टील. तो माणूस चांगला होता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला वर घेऊन गेले, बोट लावायला सांगितलं, आणि भाकरीची गोष्ट मला जमेल तशी इंग्रजीत सांगितली. त्याने टोपी मागे सारली आणि म्हणाला की आधीच्या तीन साइटवरही त्याने असंच केलंय. कुठल्या, ते मी लिहून घेतलं.

जागेवरच त्याच उत्पादनाची अर्धी पिशवी उरली होती. रंगाऱ्याने बादलीत कालवलं, मी थापीने क्लॅम्पच्या भोवती दाबून भरलं, कडा जुन्या लेपावर चढवल्या, जाडीची पिन आत घालून मोजलं. सव्वा इंच. ओला असताना त्याचा रंग गडद दिसतो, आजूबाजूच्या पांढुरक्या लेपात तो डाग खालूनही ओळखू येत होता. पूर्ण सुकल्याशिवाय सीलर मारायचा नाही, म्हणून खांबावर पेन्सिलीने तारीख लिहिली. गुरुवारी पुन्हा जायचंय, ताणकाटा घेऊन.